सलाईनवर खापर फोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'गुंगीच्या सलाईनने घोडा दगावला' ही बातमी काल वाचली. ज्याचा घोडा गेला त्याचे दुःख मला चांगले ठाऊक आहे. पण हा मथळा वाचून आमच्या भागातले गाडीवान उद्या डॉक्टरांना म्हणतील, सलाईन नको, एक सुई द्या आणि उरका. माझा घोडा तशाच उरकण्यात गेला.

२०११ साली पाच वर्षांचा घोडा कर्नाटकातल्या चिक्कोडीजवळच्या मळ्यात खच्ची करायला पाडला. आधी झायलाझिन हे गुंगीचे औषध, मान खाली आल्यावर केटामिन हे भुलीचे. ही भूल पंधरा-वीस मिनिटांची. काम लांबले. घोड्याने मान उचलली की पुन्हा सुई, असे दोनदा झाले. शेवटी तो अर्धवट गुंगीतच उठायला गेला, तोल जाऊन आदळला आणि मागच्या पायाचे हाड मोडले. त्याच संध्याकाळी त्याला कायमचे झोपवावे लागले. मुले आठवडाभर तबेल्याकडे फिरकली नाहीत.

पुढे दुसऱ्या घोड्याची जखम शिवायची होती, तेव्हा वेगळ्या डॉक्टरांनी झायलाझिन, केटामिन आणि स्नायू सैल करणारे ग्वायफेनेसिन एकत्र करून सलाईनने थेंबाथेंबाने चालू ठेवले. खाली गाद्या, दावे काढलेले, जमिनीकडच्या बाजूचा पुढचा पाय पुढे ओढलेला, डोळ्यांवर टॉवेल. काम संपल्यावर कुणाला बोलू दिले नाही. घोडा सावकाश छातीवर बसला आणि एका दमात उभा राहिला.

मोठ्या इस्पितळात वायूची भूल देतात, तिथेही मेडेटोमिडीनसारख्या गुंगीच्या औषधाची संथ धार चालू ठेवतात ती याचसाठी. वायू कमी लागतो. वायू जास्त झाला की रक्तदाब उतरतो, चार-पाचशे किलोच्या अंगाखाली दबलेल्या स्नायूंना रक्त मिळत नाही, मग घोड्याला पायावर उभेच राहता येत नाही. धडधाकट घोड्यांतही भुलीत किंवा भुलीनंतर शंभरात एक जातो, कुत्र्या-मांजरांपेक्षा कितीतरी जास्त. त्यातले बरेच उठताना जातात. म्हणून बातमीदाराने विचारायला हवे होते, घोडा किती वेळ पडून होता, खाली काय अंथरले होते, उठताना डोक्याचा दोर कोणाच्या हातात होता? यातले एकही बातमीत नाही.

माउलींच्या सोहळ्याला अंकलीहून अश्व जातात, त्या आमच्या तालुक्यात घोड्याला शांतपणे उठता येईल अशी मऊ जमिनीची, अंधारी खोली मी आजवर पाहिलेली नाही. त्यावर लिहा.

आणखी एक. ऑपरेशनआधी मालकाच्या संमतीची सही घेतात, आमच्याकडे तो कागद फक्त कानडीत असतो. मराठीत मागितला तर मिळत नाही. २०११ च्या त्या कागदावर मी सही केली, त्यात काय लिहिले होते ते मला आजही माहीत नाही.

आपला,
एक घोडामालक, चिक्कोडी तालुका