फॉर्मवर 'वही' लिहिणाऱ्या ताईंना

ताई, तुमचं नाव इथं टाकत नाही, ऑफिसात उगाच चर्चा नको. पण काल आबांच्या खात्यात कलावंत मानधनाचे पहिले ५००० रुपये पडले आणि बँकेचा मेसेज त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, तेव्हापासून तुम्हाला काहीतरी लिहायचंच असं डोक्यात बसलंय.

आबा म्हणजे माझे आजोबा, वय ७४. तापीकाठच्या आमच्या गावात पन्नासेक वर्षं वह्या गातात. खान्देशाबाहेरच्यांना सांगतो, वही म्हणजे डफावर गायचं गाणं, आमच्या अहिराणीतलं, कानबाईच्या, म्हणजे आमच्या देवीच्या जागरणाला तर ते पाहिजेच. गंमत म्हणजे आबांनी जन्मात कधी लिहायची वही विकत घेतली नाही, सगळं तोंडपाठ, आणि रात्रभर गायले तरी एक वही पुन्हा येत नाही.

सरकारची म्हाताऱ्या कलावंतांना मानधन द्यायची योजना जुनीच आहे, २०२४ ला तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि महिन्याला सरसकट ५००० केले. त्याआधी अ ब क असा वर्ग पाडायचे आणि खालच्या वर्गाला २२५० मिळायचे. आबांना तेही कधी मिळाले नाहीत. आम्ही आधी दोनदा गेलो होतो, कुठं ते सांगत नाही. पहिल्या वेळी टेबलावरचे साहेब म्हणाले, "वही? किती पानी, शंभर का दोनशे?" आणि आजूबाजूचे सगळे हसले. आबा पण हसले ओ. तेच मला लागलं. दुसऱ्या वेळी सांगितलं की वहीबिही चालत नाही, भजन लिहा, आणि १५ वर्षांच्या कामाचे पुरावे आणा, पेपरची कात्रणं, सर्टिफिकेटं. आता अंगणात घोंगडी टाकून रात्रभर गाणाऱ्याला सर्टिफिकेट कोण देणार, कानबाई सही करणार का?

आबा तर म्हणाले होते आता नको, आपण काय भीक मागायला चाललो का. मीच ओढून आणलं तिसऱ्यांदा, तुमच्या टेबलापाशी.

तुम्ही त्या दिवशी काय केलं ते तुम्हाला आठवत पण नसेल. फॉर्मवर कलाप्रकारात मी आधीच 'भजन' लिहून आणलं होतं, मागचा धडा शिकून. तुम्ही वाचलं आणि मला नाही, आबांना विचारलं, "काका, तुम्ही भजन गाता?" आबा खाली बघत म्हणाले, "नही पोरी, मी वही गास." मग तुम्ही म्हणालात की मी वर्ध्याकडची, मला माहीत नाही, एक ओळ म्हणून दाखवा ना. आबांनी तुमच्या टेबलावरच बोटांनी ठेका धरला आणि एक नाही चार ओळी म्हटल्या, शेजारचा शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा. आणि मग तुम्ही 'भजन' वर एक रेघ मारली, बाजूला स्वतःच्या अक्षरात 'वही गायन' लिहिलं आणि म्हणालात, काका, जी कला आहे तीच लिहू.

बस. पुढं पुराव्यांचं कसं जमलं, कमिटीत काय झालं, जिल्ह्यातून वर्षाला १०० जण घेतात त्यात आबांचा नंबर कसा लागला, ते मला नीट माहीत पण नाही आणि माझ्या लेखी त्याला तेवढी किंमत पण नाही. बसस्टँडवर आबा मला म्हणाले, "तिनी वही लिखी रे." पैशाचं काहीच बोलले नाहीत.

राग येतो तो वेगळाच. लोककला वाचवा म्हणून स्टेज, एलईडी, बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा, सगळ्याला पैसे निघतात, आणि ज्याच्या घशात ती कला आहे त्याला नारळ, शाल आणि नेत्याबरोबर एक फोटो. आबांकडं अशा सात शाली आहेत. एकदा आजी म्हणाली की शालींचं भाकरीसंगं कालवण होत नाही.

आणि दुसरीकडं तुमच्यासारखी एखादी बाई, जी फक्त विचारते की म्हणजे काय हो ते. यात खर्च काय होता सांगा? एक मिनिट आणि अर्धी रेघ शाई. माणूस चांगला असायला वेगळा जीआर लागत नाही, नाहीतर आधीच्या साहेबांकडं पण तोच फॉर्म होता.

पहिल्या पैशातून आबा डफ मढवून आणणार आहेत, जुन्याचं कातडं सैल पडलंय, दोन वर्षं शेकोटीवर तापवून तापवून वाजवत होते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, तसे आमच्यात भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत, पण आबांनी फर्मान काढलंय की त्या पोरीचं ताट लागलं पाहिजे आणि कोणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे. तेव्हा या ताई, मुक्कामाच्या तयारीनं या. आणि शंभर पानीवाल्या साहेबांना पण आणलं तरी चालेल, आबा म्हणतात सकाळपर्यंत बसला तर पानं मोजून देतो.