रास्पबेरी खायची ती अख्खी, बियांसकट

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांची शुगर आणि आईचं पोट साफ न होणं, दोन्हींना रास्पबेरी चालेल का, असं तुम्ही विचारलंत. चालेल. फक्त रस, जॅम किंवा गोळ्या नकोत, फळ अख्खं खा.

100 ग्रॅम रास्पबेरीत जवळपास 6.5 ग्रॅम फायबर असतं, साखर मात्र जेमतेम साडेचार ग्रॅम आणि उष्मांक 52. साखरेपेक्षा फायबर जास्त, असं फळांत क्वचितच आढळतं. त्यामुळे जेवणानंतर रक्तातली साखर झपाट्याने चढत नाही. या फायबरचा मोठा भाग दाताखाली येणाऱ्या बारीक बियांमध्ये असतो. रस गाळला की तो गाळणीतच राहतो. जॅममध्ये तर निम्म्याच्या आसपास साखरच असते.

आई, पहिल्या दिवशीच वाटीभर खाऊ नकोस. आतड्यातले जिवाणू हे फायबर आंबवतात, त्यातून गॅस होतो आणि पोट फुगतं. आठवडाभर रोज सात-आठ दाणे खा, मग हळूहळू 100 ग्रॅमपर्यंत जा. सोबत पाणी वाढव, नाहीतर बद्धकोष्ठता उलट वाढेल. बाबा, बिया कवळीखाली अडकून हिरडीला टोचतात. खाल्ल्यावर कवळी काढून चूळ भरा.

100 ग्रॅममधून 26 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वही मिळतं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात शोषलं जायला त्याची मदत होते, म्हणून जेवणासोबत खाल्ली तर उत्तम. रास्पबेरीने कर्करोग बरा होतो असं कोणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका. ‘रास्पबेरी कीटोन’च्या (रास्पबेरीला वास देणाऱ्या द्रव्याच्या) गोळ्याही घेऊ नका. फळात ते नावापुरतंच असतं आणि गोळ्यांनी वजन उतरतं याला ठोस पुरावा नाही.

हे फळ फार नाजूक. तोडताना मधला गाभा झाडालाच राहतो, म्हणून दाणा आतून पोकळ असतो. धुऊन ठेवलं तर त्या पोकळीत पाणी साचून बुरशी धरते. डबा घेताना उलटा करून तळ बघा. लाल डाग दिसला तर खालचे दाणे फुटलेत, तो घेऊ नका. घरी आणल्यावर मऊ पडलेले दाणे काढून टाका, बाकीचे कोरड्या कागदावर एकाच थरात पसरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा आणि खायच्या वेळीच धुवा. फ्रोझन आणलीत तर पोषण फारसं कमी होत नाही. मात्र अशा बेरींमधून हिपॅटायटिस ए (यकृताला सूज आणणारा विषाणू) आणि नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) पसरल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून तुमच्या वयात ती मिनिटभर उकळूनच खा. तेवढ्याने थोडं क जीवनसत्त्व जाईल, फायबर तसंच राहील.

बाबा, तुम्हाला पूर्वी ऑक्सलेटचा मुतखडा झाला होता आणि रास्पबेरीत ऑक्सलेट असतं. रोज खायला लागण्याआधी किती चालेल ते डॉक्टरांना विचारा आणि मला कळवा.

तुमची लेक