कॉम्प्रेशन शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी चहा टाक" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात तुम्हाला ओळखणारे पुष्कळ आहेत. पण मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर तुम्ही हिशेबाच्या कामातल्या एका बाईला घरच्या लेथवर इंजिन उभं करायला शिकवलंत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

इंजिन लहानसं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 25 मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 38 मिमी, आडवा सिलिंडर, दोन बाजूंना दोन जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील. जात हिट अँड मिस. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतांवर पाणी उपसायला, दाणा भरडायला अशी मोठी इंजिनं चालत. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच अडकवून ठेवतो. मग सिलिंडरमध्ये ओढ तयार होत नाही, त्यामुळे पेट्रोल-हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह मिटलेलाच राहतो आणि पेट्रोल आत येत नाही. फ्लायव्हील आपल्या जोरावर फिरत राहतं. वेग उतरला की अडकण सुटते, एक फटका बसतो, आणि पुन्हा शांत फेऱ्या. ही रचना मला फार आवडते. इंजिन स्वतःला लागेल तेवढंच खातं, आणि हे सगळं एक वजन, एक खटका आणि एक स्प्रिंग एवढ्यावर साधतं.

सगळे भाग तयार झाले, मापं मायक्रोमीटरला चोख उतरली, जोडणीही झाली. पण हाताने फिरवलं की फ्लायव्हील सुळकन फिरायचं. चार स्ट्रोकांत एकदा, हवा दाबली जाते त्या वेळी, म्हणजे कॉम्प्रेशनला, हाताला जो अडसर लागायला हवा तो लागतच नव्हता. तुम्ही आलात, एकदाच फिरवून पाहिलंत आणि म्हणालात, "इंजिन म्हणजे हवा धरून ठेवायचं काम. बाकी सगळं त्याच्यासाठी. हवा कुठून पळते ते आधी बघू, अंदाजाने काही उघडायचं नाही." आणि रॉकेल मागितलंत.

सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेड, काढून उलटं ठेवलं, व्हॉल्व्हमागच्या वाटेत, म्हणजे पोर्टमध्ये, रॉकेल सोडलं आणि आपण दोघं व्हॉल्व्हकडे बघत बसलो. थोड्याच वेळात एक्झॉस्टच्या एका कडेला चंद्रकोरीएवढी ओल उमटली. तेवढ्या जागेतून हवा जात होती. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती 45 अंशांची सीट, रुंदी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यातलाही थोडासाच भाग टेकत नव्हता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, रॉकेलनं दाखवलं.

मग तुम्ही व्हॉल्व्ह घासायला शिकवलंत. बारीक ग्राइंडिंग पेस्ट तेलात कालवायची, व्हॉल्व्हच्या दांडीला रबरी नळीचा तुकडा लावायचा आणि दोन बोटांत उलटसुलट फिरवायचा. अधूनमधून उचलून जागा बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी ओरखडे पडतात. जोर लावायचा नाही. सुरुवातीला करकर येते, मग ती मऊ होत जाते, आणि आवाज मऊ झाला की पुसून बघायचं. सीटवर राखाडी रंगाची गोल पट्टी सलग दिसली पाहिजे. कुठे तुटली असेल तर पुन्हा. शेवटी रॉकेलनं धुताना तुम्ही केवढा आग्रह धरलात! पेस्टचा कण आत राहिला तर तो सिलिंडर खात बसतो, म्हणून कोपरे दाढीच्या ब्रशने साफ करायला लावलेत. त्या रात्री पोर्टमध्ये भरलेलं रॉकेल सकाळी तसंच होतं.

पिस्टनभोवतीच्या रिंगांचंही तसंच. बिडाच्या तुकड्यावरून सुमारे 1 मिमी जाडीच्या चकत्या काढायच्या, एका जागी फोडायच्या, फट पसरून धरून ज्योतीत लालसर करायच्या, म्हणजे त्या सिलिंडरच्या भिंतीवर दाबून बसायला शिकतात. मग तुमची ती परीक्षा: खोलीतला दिवा बंद, रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकललेली, खालून टॉर्च. रिंगच्या बाहेरून उजेडाची बारीकशी रेघ जरी दिसली तरी रिंग बाद. फक्त तोंडाच्या फटीपाशी ठिपका हवा. चांगल्या दिसणाऱ्या किती रिंगा तुम्ही या टॉर्चपुढे नापास केल्यात, आणि प्रत्येक वेळी का ते मला सांगायला लावलंत.

इनलेटची स्प्रिंग तर विसरता येणारच नाही. हा व्हॉल्व्ह कॅमवर चालत नाही, पिस्टनच्या ओढीनेच उघडतो, म्हणून स्प्रिंग अगदी मवाळ हवी. बाजारातल्या सगळ्या ताठ. तुम्ही सतारीची पोलादी तार आणलीत आणि लेथवर सळईभोवती हळूहळू गुंडाळून दाखवलीत.

हो, फक्त तेवढी एक स्प्रिंग तुम्ही स्वतः केलीत. एरवी माझ्या लेथचं हँडल तुम्ही कधीच हातात घेतलं नाही. हात मागे बांधून उभे राहायचात. तुमच्या हाताने तासाभरात झालं असतं ते माझ्या हातून होईपर्यंत थांबणं, हे मला सगळ्यात मोठं देणं वाटतं. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात कलाभवन काढलं ते लोकांच्या हाताला हुन्नर मिळावा म्हणून. आज तिथे विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. त्या हुन्नराची ओळख मला मात्र माझ्या घराच्या मागच्या खोलीत, तुमच्याकडून झाली.

मोटरसायकलचा 10 मिमीचा प्लग लावून, पेट्रोल घालून आपण ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा हाताला तो अडसर लागला. काका, मला तेव्हाच कळलं की आता हे चालणार. फट्, मग हुश् हुश् हुश्, पुन्हा फट्. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई, म्हणजे नीडल, अर्धा आटा उघडायला सांगितलंत. (आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला नीडल थोडी जास्तच उघडी लागते. हे बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

शेजारच्या गल्लीतली बारावीतली मुलगी हे इंजिन बघून गेली आणि आता स्वतःचं करायचं म्हणते. तिला मी आधी रॉकेल आणि टॉर्च आणायला सांगितलंय. रविवारी सकाळी ती येणार आहे. तुम्हीही या. खुर्ची लेथच्या डाव्या बाजूला, तुम्हाला चक दिसेल अशी ठेवते. काकूंनाही घेऊन या. सांधेदुखीचं तेल आणून ठेवलंय, ते न्यायला विसरू नका.

आपली कृतज्ञ,
दांडिया बाजारातली विद्यार्थिनी