लांबून बंद होणारी वीज हाताने चालू करणारं कुणी राहणार आहे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात सध्या जुने मीटर काढून स्मार्ट मीटर लावायचं काम चालू आहे आणि जिथं जावं तिथं एकच भांडण, बिल वाढणार का. ते भांडायलाच हवं, पण मला काळजी दुसरीच वाटतेय म्हणून लिहितेय. या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस यावा लागत नाही हे सगळ्यांना माहितीय, पण ऑफिसात बसून सप्लाय तोडता-जोडताही येतो हे किती जणांना माहितीय? मीटर बसवायला आलेल्या मुलाला विचारलं की हा कंट्रोल नक्की कुणाकडे असतो, तर म्हणाला, ताई मला फक्त बसवायचं शिकवलंय, बाकीचं वरचे बघतात. त्याला काय बोलणार.

12 ऑगस्ट 2020 ला, ऐन जन्माष्टमीच्या संध्याकाळी, उत्तर प्रदेशात लाखाहून जास्त घरांची वीज एकदम गेली. तारा तुटल्या नव्हत्या की ट्रान्सफॉर्मर जळला नव्हता, सिस्टिममधून चुकीची कमांड गेली आणि स्मार्ट मीटरनी निमूटपणे सप्लाय कापला. हे नुसत्या चुकीने झालं, मग मुद्दाम कुणी आत घुसलं तर काय होईल?

ते युक्रेनमध्ये होऊन गेलंय. 23 डिसेंबर 2015, कडाक्याची थंडी, तीन वीज कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला. सुरुवात साध्या ईमेलने झाली होती, कुणीतरी ईमेलमधून आलेली एमएस ऑफिसची फाईल उघडली, त्यातला मॅक्रो (फाईलमध्ये दडलेला छोटा प्रोग्रॅम) चालू केला, आणि मग हॅकर कित्येक महिने आत बसून सगळं बघत होते. त्या दिवशी कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा माऊस आपोआप फिरायला लागला आणि एकेक ब्रेकर (वीज तोडणारा-जोडणारा मोठा स्विच) उघडत गेला, म्हणजे सप्लाय तुटत गेला, तो हात लावतोय तर कंट्रोल त्याच्याकडे नाहीच. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, वर कॉल सेंटरवर खोट्या फोनचा भडिमार, म्हणजे लोकांना तक्रारही करता येऊ नये.

तरी एक ते सहा तासांत वीज परत आली, ती कशी तर माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हाताने चालू केले. मला कळकळीने सांगायचंय ते हेच. आपल्याकडे ऑटोमेशन आलं की सबस्टेशनवरचा ऑपरेटर कमी करायचा, लाईनमनच्या जागा भरायच्या नाहीत किंवा कंत्राटावर भरायच्या असं चालतं. उद्या स्क्रीन बंद पडली तर कुठल्या फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवर) काय आहे, आधी काय चालू करायचं हे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस रात्री दोन वाजता आपण कुठून आणणार?

मुंबईचं तर अजून स्पष्ट झालेलं नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी वीज गेली, लोकल थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली, मग मार्च 2021 मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री सायबर हल्ल्याचा संशय सांगतात आणि केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणतात मानवी चूक. दोन सरकारं, दोन उत्तरं, आणि सामान्य माणसाने काय समजायचं?

मी डिजिटलच्या विरोधात नाही, सोलर वाढतंय, मागणी वाढतेय, ग्रिडला हे लागणारच. पण वीज कंपन्यांनी एवढं जाहीर करावं की लांबून वीज तोडायची कमांड एका माणसाच्या एका क्लिकवर जाते की दोघांची परवानगी लागते, आणि एकाच वेळी हजारो मीटर बंद करायची कमांड आली तर सिस्टिम ती आपणहून अडवते का. केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2021 मध्ये सायबर सुरक्षेच्या गाईडलाईन्स काढल्यात, त्यातलं आपल्या राज्यात किती झालं तेही सांगावं. आणि आगीची ड्रिल करतात तशी वर्षातून एकदा तरी प्रत्येक विभागात कॉम्प्युटर बाजूला ठेवून सबस्टेशन हाताने चालवायची ड्रिल घ्यावी, कंत्राटी पोरांनाही त्यात धरून, कारण रात्री-अपरात्री खांबावर तीच चढतात.

आपली,
एक वीजग्राहक, सातारा