दोन किलवर म्हणजे प्रश्न

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

समोर बसलो की हे तोंडून निघत नाही, म्हणून लिहितोय. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

तुम्ही ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकवायला घेतलात तेव्हा मी मेंढीकोट खेळत वाढलेला. भिडूला खोकून, भुवई उडवून हुकूम सांगायचा, हीच आमची रीत. त्या दिवशी कापूस विकून थेट तुमच्या ओसरीवर आलो होतो. हातात मोठ्या पानांचे १६ गुण, इस्पिकची चार पानं. मी 'एक नो ट्रम्प' म्हणालो, म्हणजे हुकमाशिवाय खेळायची बोली लावली; तुमची बोली 'दोन किलवर'. काकांकडे किलवर भरपूर दिसतात, असं समजून मी पास दिला. तुमच्याकडे किलवरची दोनच पानं होती! एक शब्द न बोलता तुम्ही तो डाव खेळून बुडवून घेतलात, मग चौघांचे पत्ते उघडे मांडलेत. तुमचे १० गुण, इस्पिकची चार पानं. इस्पिक हुकूम करून चार इस्पिकचा गेम, म्हणजे मोठ्या बोनसची बोली, समोर पडला होता. माझ्याच काट्याच्या पावतीमागे तुम्ही लिहिलंत: 'दोन किलवर म्हणजे प्रश्न. बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? असतील तर तो रंग बोल. नसतील तर दोन चौकट.' याला स्टेमन म्हणतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

पण खरे आभार मानायचे ते यवतमाळच्या खेळासाठी. समोरच्यांनी तुमच्या बोलीचा अर्थ विचारला. तो सांगणं माझं काम होतं, भिडू म्हणून. आणि आपलं गुपित का फोडायचं म्हणून मी गप्प राहिलो. परतीच्या एसटीत तुम्ही एवढंच म्हणालात, "पत्ते झाकून ठेव ना बापू, बोलीचा अर्थ काहून झाकतोस?" त्यानंतर मी कधी झाकला नाही.

आईला पत्ते म्हणजे जुगार. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तुम्ही पेपर घेऊन घरी आलात आणि तिला बातमी दोनदा वाचून दाखवलीत. बर्धन साठीचे आहेत, हे तिने पुन्हा विचारून घेतलं. तेव्हापासून मी तुमच्याकडे निघालो की चिवड्याचा डबा तीच भरून देते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला पानं नीट दिसत नाहीत, असं कळलं. मोठ्या आकड्यांचा कॅट आणून ठेवला आहे. शनिवारी घ्यायला येतो.

तुमचा,
भिडू