पाकिटातलं नाव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होते. पलीकडे कोणी नाही हे दोन-तीन वाक्यांनी कळलं. असो. भांडण पुढे न्यायला लिहीत नाहीये. तुझ्या दुखऱ्या मनगटाचा विषय काढायचा नाही, असं ताईला कबूल करून बसलेय.

तू म्हणालास, "आई, तुला गोल्फमधलं काय कळतं?" खरंच आहे. मी अजून क्लबला काठीच म्हणते. पण तुमच्या टीमच्या मॅचेस रायडर कपसारख्या (तोच, अमेरिका विरुद्ध युरोप, पूर्वी ब्रिटन) असतात असं तू सांगितलंस, त्या दिवसापासून मी तो कप तोंडपाठ केलाय. शुक्रवारी आणि शनिवारी रोज चार फोरसम्स, चार फोरबॉल, रविवारी बाराच्या बारा जणांचे सिंगल्स. एकूण २८ गुण. साडेचौदा केले की कप, आणि आधीच्या खेपेचा विजेता असलात तर १४ वर भागतं. हे मी तुला समजावतेय, म्हणजे कमालच आहे.

फोरबॉलमध्ये दोघांचे दोन चेंडू, त्यातला बरा स्कोअर धरायचा. एकाचं बिनसलं तर दुसरा सावरून घेतो. फोरसम्सला मात्र दोघांत मिळून एकच चेंडू. एक फटका तू, पुढचा जोडीदाराने. तू झाडीत घातलेला चेंडू त्याने बाहेर काढायचा. म्हणजे शनिवारी तुझं दुखणं अर्धं त्या पोराने खेळून काढलं, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

आलाच बघ विषय.

बरं, दुसरं सांगते. त्या सोनेरी कपाच्या टोकावर जो छोटा माणूस उभा आहे ना, तो एब मिचेल. सॅम्युअल रायडर हा सेंट ऑल्बन्सचा बियाणंवाला, एका पेनीला एक पाकीट अशी फुलांची बियाणी विकून मोठा झालेला. तब्येतीसाठी म्हणून पन्नाशीत गोल्फकडे वळला आणि या मिचेलला त्याने शिकवायला ठेवलं. १९२७ साली पहिला कप अमेरिकेत वुस्टरला. ब्रिटनचं कर्णधारपद मिचेलकडे. आणि नेमकं त्याचं अपेंडिक्स! टीम बोटीने गेली, हा मागे राहिला. तिकडे साडेनऊ-अडीच असा सपाटून मार खाल्ला. पण मिचेल पुढे तीनदा खेळला बरं का. १९२९, ३१ आणि ३३. कपावर आजही तोच उभा आहे. एका वर्षी घरी बसला म्हणून त्याला कोणी खाली उतरवलं नाही.

हे लेक्चर झालं. माफ कर. ताई म्हणते, मी पत्रातसुद्धा बोट उगारते.

पण दुसऱ्या एका पाकिटाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२५ ला अमेरिकेत बेथपेजला झालेली रायडर कपची मॅच आम्ही दोघांनी रात्र जागून पाहिली (म्हणजे मी पाहिली, हे सोफ्यावर घोरत होते). युरोपच्या होवलँडची मान शनिवारी धरली. दुपारी त्याच्या जागी हॅटन खेळला, आणि रविवारी सिंगल्सला तो उतरूच शकला नाही. तेव्हा मला हा नियम कळला. रविवारी बदली खेळाडू नाही. म्हणून दोन्ही कर्णधार आधीच आपल्या एकेका खेळाडूचं नाव पाकिटात घालून ठेवतात. समोरच्या टीममधला कोणी दुखावला, तर पाकिटातल्याने बसायचं आणि गुण अर्धा-अर्धा. अमेरिकेच्या पाकिटात हॅरिस इंग्लिश होता. धडधाकट माणूस, न खेळता मोकळा. त्यांच्या कर्णधाराला नियम अजिबात रुचला नाही. युरोप १५-१३ ने जिंकलं, तेव्हा त्याला तो अर्धा गुण टोचला असणारच.

तू हेच म्हणशील, माहीत आहे. "माझ्यामुळे दुसऱ्याने का बसायचं?" बसावं लागतं, रे. १९९१ ला अमेरिकेतल्या किआवाच्या कपाला त्यांचाच स्टीव्ह पेट गाडीच्या अपघातात दुखावला होता. तो रविवारी खेळू शकला नाही, म्हणून युरोपच्या डेव्हिड गिलफर्डला बसवलं. त्याची काहीच चूक नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटतं, हेही खरं. पण १९९३ ला इंग्लंडमधल्या बेलफ्रीवर युरोपच्या सॅम टॉरन्सचा पायाचा अंगठा पिकला, तेव्हा अमेरिकेच्या लॅनी वॉडकिन्सने आपणहून सांगितलं होतं, पाकिटात माझं नाव घाला. एवढा मुरलेला खेळाडू. एका अंगठ्यासाठी हे सगळं! मग मनगटाचं काय लाजायचं?

फिजिओला दाखवलंस का? कोचला सांगितलंस का? नुसतं हो किंवा नाही एवढं कळव.

रात्री झोप लागेना म्हणून माळ्यावरून तुझा पहिला पटर, चेंडू होलमध्ये ढकलायची ती काठी, काढला. यांनी करवतीने अर्धा कापून दिलेला, वर सायकलच्या हँडलची टेप. स्टीलचा पेला आडवा ठेवून सतरंजीवर तासन्‌तास चेंडू मारायचास. टण् झालं की स्वतःच ओरडायचास, "होल!" नाही गेला तर ताईकडे बघायचास, आणि ती म्हणायची, "दिला." अमेरिकेच्या निकलसने १९६९ ला ब्रिटनच्या जॅकलिनला शेवटचा छोटा फटका असाच, न मारताच, सोडला आणि कप १६-१६ बरोबरीत सुटला, हे वाचलं तेव्हा मला आपली ताई आठवली.

त्याच टेपवरून दुसरंही आठवलं. सायकलवरून पडलास तेव्हा दोन दिवस हात खिशात घालून वावरलास. शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मनगट टम्म सुजलेलं. आणि मी काय केलं? आधी एक थोबाडीत दिली, मग डॉक्टरकडे नेलं. घाबरले होते रे. पण तू आठ वर्षांचा. दुखतंय म्हटलं की आई मारते, एवढंच तुझ्या ध्यानात राहिलं असेल. काल फोनवर मी तेच केलं. तू पाच दिवसांनी का होईना, सांगितलंस, आणि मी "आधी का नाही सांगितलंस" म्हणून तोंड सोडलं.

यांचं म्हणणं, दुखऱ्या हाताने पोराने मॅच सतराव्या होलपर्यंत नेली, हे तू त्याला बोललीच नाहीस. नाही बोलले. आता लिहिते. स्कोअरकार्डचा फोटो मी शेजारच्या काकूंनाही दाखवला. त्यांना काही कळलं नाही, मी सगळं समजावलं.

त्या जोडीदाराला मात्र खरं काय ते सांग. कोचच्या आधी त्याला.

ताईने तुझ्या पार्सलमध्ये मनगटाचे पट्टे टाकलेत. दोन आहेत. कोणता हात, हे काल मी विचारलंच नाही.

तुझी,
आई