हद्दीबाहेरच्या माणसाची हरकत

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सा.न.वि.वि.

मी पूर्व विदर्भातला धान पिकवणारा शेतकरी. तालुक्याचं शहर आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर. या शहराचा विकास आराखडा नव्याने होतो आहे आणि त्याची सूचना निघाली ऐन रोवणीत. मुदत ३० दिवसांची. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला माणूस मिळत नसताना एक दुपार मोडून मी नकाशा पाहायला गेलो. टेबलावरच्या बाबूने गाव विचारलं आणि म्हणाला, "काकाजी, तुम्ही हद्दीबाहेरचे. तुमची हरकत कायले?"

घरी येऊन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ वाचून घेतला. कोणतीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते, असं त्यात आहे. बाबूवर राग नाही. त्याच्यापुढचा नकाशाच तसा होता. शहराभोवती जाड रेघ, रेघेपलीकडे कोरा कागद. आमचा तलाव त्या कोऱ्या कागदात आहे.

तो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातला. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नजरेने जोखून अशा तलावांच्या पाळी, म्हणजे बांध, घातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाण्याची वाट तीच राहिली. आमच्या तलावाचा येवा, म्हणजे त्यात येणारं पाणी, शहराच्या अंगाने येतं. तिथे गेल्या काही वर्षांत ले-आउट पडले, नाल्यात मुरूम गेला, वरून सिमेंटचा रस्ता झाला. आता जोराचा पाऊस आला की पाणी ले-आउटमधल्या घरांत शिरतं आणि तलाव पोळा आला तरी अर्धाच असतो. सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी सांडलेलं पाहून वर्षं झाली. शहरवाले पंप लावून पाणी बाहेर फेकतात, आम्ही पंप लावून धानाच्या बांधीत घेतो. दोघांचंही वीजबिल एकाच नाल्यापायी. नव्या नकाशात तो नाला तुटक रेघेने काढलाय आणि रस्त्यापाशी संपवलाय.

अहवालाच्या मुखपृष्ठावर 'अर्थव्यवस्था, संस्कृती, शाश्वतता' असं छापलंय. संस्कृतीसाठी आत एक वातानुकूलित सभागृह आहे. त्यात बैलजोडी कशी न्यायची, ते मात्र लिहिलेलं नाही. आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू होते. शहराच्या टोकाला एक मोकळं मैदान आहे. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री टिनाच्या पत्र्यांआड झाडीपट्टीचं, आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक, ते पहाटेपर्यंत. २०१४ च्या बंदीने पट काही वर्षं थांबला होता, नाटक थांबलं नाही. घरोघरी पाहुणे उतरतात. चहावाला, मंडपवाला, कपड्याचा दुकानदार, सगळ्यांचा हंगाम तोच. वरातीसारखी गावंच्या गावं येतात ती हद्दीबाहेरूनच. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आराखड्यात मात्र आमचं मैदान पिवळं, म्हणजे रहिवासी. प्लॉट पडायला किती वेळ लागतो, ते आम्ही नाल्याकाठी पाहिलंय.

शहर आणि पंचायती यांच्या सामाईक पाण्याचा विचार जिल्हा नियोजन समितीने करायचा, हे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतच लिहिलंय. आमच्याकडे तिच्या बैठकीची बातमी म्हटली की निधीवाटप. तिच्यासमोर हा आराखडा आजूबाजूच्या गावांसकट ठेवायला सांगा. नाला तलावापर्यंत मोकळा दाखवा, त्याच्या दोन्ही काठांना बांधकाम नको. मैदान मैदान म्हणूनच राखून ठेवा. आणि हो, धान वाळवायला एखादा ओटा द्या. लोक डांबरी रस्त्यावर वाळवतात, त्यावरून ट्रक जातात.

कायद्याप्रमाणे आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायचा असतो. यावेळी राहिलं तर पुढच्या खेपेला माझी सत्तरी उलटलेली असेल.

माझी हरकत स्पीड पोस्टाने पाठवली आहे, सोबत येव्याचा हाताने काढलेला नकाशा. सुनावणीला बोलावलं तर जरूर येईन. तारीख फक्त धान कापणीच्या आधीची नाहीतर चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावरची द्यावी.

आपला,
एक धान उत्पादक